मोटारीचा वाटा

पहिली चूक आमची, म्हणजे ही हकीकत लिहिणाऱ्याची. मिठबावच्या यशोदाबाई मणचेकरणीला लिहिता येत नसे. कोल्हापुरात शिकणाऱ्या तिच्या मुलाला, गुणाजीला, जाणारी कार्डं आम्ही लिहून देत असू. १९६१ च्या दसऱ्यानंतर तिने सांगितलेला मजकूर साधा होता. दोन वर्षं आपल्या घरचा पुरुष रापणीच्या जाळ्याच्या दोराला लागला नाही. येत्या शिमग्यापर्यंत लागला नाही तर तुझ्या बापाचा मासळीतला वाटा मोडायचा असं मंडळींनी ठरवलं आहे. तरी तू शीक, येऊ नकोस, वाटा गेला तर गेला. एवढं लिहून कार्डावर दोन बोटं जागा उरली. जागा रिकामी सोडणं आमच्या स्वभावात नाही. आम्ही आपल्या अकलेने खाली खरडलं, "येणे जमत नसल्यास तुझ्या जागी एखादे यंत्र तरी पाठवावे." मॅट्रिकला मराठीत पासष्ट मार्क मिळालेल्या माणसाचा विनोद.

गुणाजीला विनोद कळत नसे. वीस वर्षांचा, बारीक, मोठ्या कानांचा पोरगा. मोटार दुरुस्तीच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. 'कसा आहेस' म्हणून विचारलं तर तो थांबून खरंच तब्येत सांगायचा. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तो पिशवीत कपड्यांऐवजी नट फिरवायचे लोखंडी पाने घेऊन. लहान, मोठे, एक तुटका.

"ह्या काय?" यशोदाने विचारलं.

"तूच लिवलंस मा, यंत्र पाठव म्हणून."

"मी? अरे, यंत्र हो शब्द माझ्या तोंडात तरी मावतलो काय?"

त्या संध्याकाळी ती केरसुणी घेऊन आमच्या दारात आली. पुढचं वर्णन इथे नको. आठ दिवस आम्ही पालथे झोपलो, एवढं पुरे.

पण पोराच्या डोक्यात बसायचं ते बसलं होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं गावाचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरून ते समुद्रात सोडते, दोन टोकांचे दोन दोर वाळूवर आणून देते, आणि चाळीस-पन्नास माणसं दोन बाजूंनी ते दोर तास तास ओढत बसतात. मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा एक, होडीचा एक, ओढणाऱ्या प्रत्येक घराचा एक. शिवाय जुना रिवाज असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याला रिकामं पाठवायचं नाही. म्हणून म्हाताऱ्या, विधवा, लंगडे-पांगळे ओढणाऱ्यांच्या मागे दोराचं शेपूट धरून उभे राहत. ओढल्यासारखं करत आणि कालवणापुरतं घेऊन घरी जात. त्यांना कोणी हसत नसे. गुणाजीचा बाप गेल्यापासून यशोदाही त्याच शेपटाला उभी असायची. तिचा नवरा गंगाराम होडीत उभा राहून हाताने जाळ्याचा दोर ओढत होता, तेव्हा त्याच्या छातीवर डोलकाठी कोसळली आणि तो समुद्रात पडला. तिसऱ्या दिवशी समुद्राने जे परत दिलं ते तिने कपड्यांवरून ओळखलं नाही, हातातल्या कड्यावरून ओळखलं. तिच्या लेखी त्या वाट्यात नवऱ्याचं नाव होतं. गुणाजीच्या लेखीही.

गंगारामचा थोरला भाऊ काशीराम हा रापणीचा तांडेल, म्हणजे मुख्य. काशीराम बोलायच्या आधी मारायचा, आणि मारून झालं की बहुतेक वेळा बोलायचं काही उरत नसे. एकदा जाळ्यात आलेली मोरी, म्हणजे लहान शार्क, उलटून चावायला धावली. त्याने तिला वल्ह्याने इतकी हाणली की वाटणीच्या वेळी ती कोणाला द्यावी हे कळेना. सगळ्यांच्याच अंगावर थोडी थोडी उडाली होती.

यंत्राच्या शोधात गुणाजीला गाडी सापडली भिकाजीशेटच्या परसात. शेट आंब्याचे व्यापारी. महायुद्धाच्या आधी त्यांनी ही डॉज मोटार घेतली, लढाईत कोळशाच्या गॅसवर पळवली, आणि पुढे ती बंद पडली ती पडलीच. आता तिच्यात चौदा कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा राहत होता.

"शेटनू, ती गाडी माका होई."

"गाडी? खुराडो म्हण रे," शेट म्हणाले. "कोंबड्यांका दुसरो खुराडो बांधून दी, आनी व्हर. पैसो नको."

चार दिवस गुणाजी बांबूच्या पट्ट्या तासून खुराडा बांधत होता. कोंबड्यांनी घर बदललं. कोंबड्याने बदललं नाही. तो स्टिअरिंगवर बसून राहिला आणि हात घालणाऱ्याच्या मनगटाचे लचके तोडू लागला. पाचव्या दिवशी मागची सीट उचलली, तेव्हा खालून कुकरच्या शिटीसारखा आवाज आला. घोणस होती, मांडीएवढी जाड. गुणाजीने जॅकचा दांडा घेतला आणि घालत सुटला. तिचे तीन तुकडे झाले तरी तो घालतच होता. शेवटी शेट ओरडले, "पुरे रे, आता गाडीक मारतंस तू!"

इंजिन असं गंजून धरलं होतं की हँडलला बैल जुंपला असता तरी हललं नसतं. सहा सिलिंडरांत त्याने रॉकेल आणि खोबरेल अर्धं अर्धं ओतलं आणि तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी हँडलवर उभा राहून उड्या मारल्या, तेव्हा ते आत कुठेतरी कण्हलं. व्हॉल्व्ह घासायला कंदिलाची फुटकी काच कुटून तेलात कालवली. पाण्याच्या पंपाला पॅकिंग कापलं बापाच्या जुन्या वहाणेचं. रेडिएटर सतरा ठिकाणी गळत होता. त्यात त्याने आईची सहा महिन्यांची हळद घातली, आणि गाडी दोन दिवस फोडणीसारखी वास मारत राहिली. बॅटरी भजनी मंडळाच्या कर्ण्याची. ती एकादशीच्या आत परत द्यायच्या बोलीवर मिळाली. पेट्रोल चालू करण्यापुरतं. एकदा तापली की रॉकेल. क्लच घसरत होता आणि नवी प्लेट परवडणारी नव्हती, म्हणून त्याने वॉशर ठोकून क्लच कायमचा पक्का बसवला. एकदा गिअर पडला की पडला, ताण असेपर्यंत सुटायचा नाही. मास्तरांनी वर्गात असल्या कामाला 'गुन्हा' म्हटलं होतं. मास्तरांना पगार होता.

एका सकाळी हँडल उलटं आलं आणि त्याच्या जबड्यावर बसलं. तो उताणा पडला, तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला, आणि त्याच वेळी गाडी चालू झाली. तो तसाच पडून, रक्ताचं तोंड उघडं टाकून हसत होता, असं भिकाजीशेट अजून सांगतात. मग त्याने गाडी बाहेर काढली. ब्रेक नव्हते. ती थेट चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, घुसली. मधे तांबडा कोंबडा आला, तो आपल्याच जुन्या घराखाली मेला. शेटनी त्याचं कालवण करून गुणाजीला वाढलं. जबडा सुजल्याने त्याला रस्साच चालला.

गाडी धावली म्हणून वाटा राहत नव्हता. मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या पडवीत, त्याने मंडळींना आपली योजना सांगितली. मागच्या एका चाकाचा टायर काढायचा, तिथे फणसाच्या खोडाचा मोठा रहाट बोल्टाने बसवायचा, ते चाक उचलून धरायचं, दुसरं वाळूत पुरायचं. गाडी जागेवर उभी राहील, रहाट फिरेल, आणि दोर त्याच्यावर गुंडाळत येईल.

"म्हणजे तुझ्या जाग्यार गाडी वडतली?" बाबलीने विचारलं. बाबली रापणीतला सगळ्यात दांडगा गडी, आणि सगळ्यात तोंडाळही. "मगे बांगडे ती खातली की तू? काटे काढूक येतत तिका?"

सगळे खदखदले. गुणाजी शांतपणे म्हणाला, "गाडी काय खाणा नाय. वाटो माझ्या बापाशीचो."

काशीरामने बसल्या जागेवरून त्याची मान धरली आणि डोकं होडीच्या फळीवर आपटलं. एकदाच, पण फळीचा आवाज बाहेर गेला.

"बापाशीचा नाव घेतंस? तुझो बापूस हातान वडायचो. हातांची सालां जायत, पुन वडायचो!"

"म्हणानच मेलो," गुणाजी म्हणाला. कपाळावरून रक्त भुवईत आलं होतं. "माका हातान नाय मराचा."

मंडळींना वाटलं, आता दुसरा आवाज येणार. काशीराम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान सोडली.

"येक रापण," तो म्हणाला. "सुरवातीपासून शेवटपर्यंत गाडयेन वडूक होयी. वडल्यान तर वाटो तुझ्या घराक, जल्मभर. नाय वडल्यान तर त्याच दिसा मोडलो. आनी गाडी समुद्रात, गाडयेत तू."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांगड्याचं पाणी लागलं, म्हणजे मासा थव्याने किनाऱ्याला आला. वाळूवर माडाची चुडतां, म्हणजे झावळ्या, पसरून गाडी किनाऱ्यावर आणली. नाकाला होडीचे दोन नांगर बांधले, एक चाक कमरेइतकं पुरलं, दुसऱ्यावर रहाट. दक्षिणेचा दोर माणसांकडे, उत्तरेचा गाडीकडे. होडी जाळं टाकून आली. गुणाजीने हँडल मारलं, पेट्रोलवरून रॉकेलवर घेतलं, ॲक्सिलरेटरवर दगड ठेवला आणि गिअरचे दात करकरवत पहिला गिअर घातला.

रहाट फिरला. दोर पाण्यातून सरळ, ताठ, पाणी शिंपडत आला. पोरांनी आरोळी ठोकली. बाबलीसुद्धा म्हणाला, "वडता रे मेली!"

वडत होती, आणि फार वडत होती. मागचं एक चाक अडकवलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं, हे पान गुणाजीने परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं. वाळूत मात्र ते त्याला रहाट फिरल्यावर आठवलं. दक्षिणेच्या माणसांची फळी धापा टाकत मागे पडली. काशीराम तिकडून शिव्या देत होता. पण थांबवणं म्हणजे हरणं. गुणाजी रहाटाजवळ काठी घेऊन दोर सारखा बसवत राहिला.

दुसरी गोष्ट त्याला आठवलीच नव्हती, कारण ती कुठल्या पुस्तकात नव्हती. या दोराला शेपूट नव्हतं. दोर पाण्यातून निघून रहाटावर संपत होता. मागे धरून उभं राहायला काही नव्हतं. सात-आठ म्हाताऱ्या टोपल्या घेऊन गाडीभोवती घुटमळत होत्या, आणि त्यांत सर्वांत म्हातारी कृष्णाबाई पुढे आली.

"गुण्या, मी खंय धरू रे?"

"आजये, खंयय धर गो," तो वर न बघता म्हणाला.

म्हातारीने जे दिसलं ते धरलं: पाणी आणि रहाट यांच्या मधला धावता दोर. काथ्याने तळवा भाजला. तिने हात सोडला, पदराचं टोक पंजाला गुंडाळलं आणि पुन्हा धरला. हात लागल्याशिवाय मासळी मागायची नाही, एवढी तिची इभ्रत होती. पदर काथ्यात रुतला. म्हातारी एकदम पुढे गेली, गुडघ्यांवर पडली, आणि फरफटत रहाटाकडे निघाली. ओरडली ती नाहीच. ओरडली यशोदा.

गुणाजीने झेप घेऊन स्विच बंद केला. इंजिन बंद होईना. तापलेलं इंजिन रॉकेलवर आपल्या आपण धडधडत राहिलं. त्याने गिअर ओढला, तो ताणात घट्ट. क्लचचं पॅडल पायाखाली मेलेलं. दगड काढला, तरी रहाट फिरतच होता. तोवर दक्षिणेकडून काशीराम धावत आला. त्याने डाव्या हाताने म्हातारीला कमरेत धरली, उजव्याने रहाटाच्या तोंडातून पदर ओढून फाडला. म्हातारी सुटली. त्याची दोन बोटं दोराखाली गेली, आणि त्यांच्यावर दोराचा पुढचा फेरा बसला.

हाडाचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

गुणाजीने बॉनेट उघडलं. महिनाभर पुसून, घासून, काच कुटून जिवंत केलेलं इंजिन समोर होतं. त्याला श्वास घ्यायचं एकच तोंड. त्याने खाली वाकून ओल्या वाळूची ओंजळ भरली आणि त्या तोंडात कोंबली. मग दुसरी. इंजिनाने किंकाळी फोडली, आत काहीतरी तुटलं, सगळी गाडी नांगरांवर उडी मारून थरथरली आणि मेली.

बाबलीने सुरीने दोर कापला. काशीरामची दोन बोटं रहाटावरच राहिली.

मग मारलं. आधी बाबलीने वल्हं पाठीत घातलं, मग ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. गुणाजी वाळूत तोंड खुपसून पडला. त्याने हात वर केला नाही. त्याच्यावर मन भरेना म्हणून लोक गाडीकडे वळले. काचा गेल्या, दिवे गेले, वल्ह्यांनी दारं चेपली, कोणी नांगर उचलून छतावर मारला. दोन वल्ही मोडली. हळदीचं पिवळं पाणी वाळूत सांडत होतं. कोल्हापूरची पान्यांची पिशवी कोणीतरी समुद्रात भिरकावली.

"अरे मेल्यांनू!" यशोदा कंठ फाडून ओरडली. "जाळा पाण्यात आसा! ता कोण वडतलो, तुमचो बापूस?"

सगळे वल्ही टाकून पाण्याकडे धावले. बांगडा कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही. कापलेलं टोक पाण्यात शिरून पकडलं. दक्षिणेच्या फळीत सगळ्यांत पुढची जागा, काशीरामची, रिकामी होती. तिथे कोणी उभं राहीना. गुणाजी उठला, एका खांद्याने वाकडा, आणि तिथे जाऊन त्याने दोर धरला. बाबलीने त्याच्याकडे पाहिलं.

"वड मगे," बाबली म्हणाला. "बघतंस काय माझ्या तोंडाकडे?"

दोन तास ओढलं. त्याच्या तळव्यांची सालं पहिल्या अर्ध्या तासातच गेली. जाळं वाकडं आलं होतं, अर्धा मासा निसटला होता. तरी वाळूवर बरीच रुपेरी तडफड पडली.

तांडेल वाटे झाल्याशिवाय किनारा सोडत नाही. काशीराम गाडीच्या उपटलेल्या सीटवर बसला होता. उजवा हात हळद भरलेल्या फडक्यात, फडकं लाल, तोंड पांढरं. त्याने डाव्या हाताने खुणा करत वाटे पाडून घेतले. जाळ्याचा, होडीचा, घरांचे. कृष्णाबाईची टोपली त्याने काठोकाठ भरायला लावली. "हिचो हात आज सगळ्यांपरास जास्त लागलो," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

शेवटी गुणाजी समोर उभा राहिला.

"गाडयेन शेवटपर्यंत वडल्यान?"

"नाय."

"मगे गंगारामाचो वाटो मोडलो."

"मोडलो," गुणाजी म्हणाला.

"माझ्या जाग्यार कोण वडलो?"

"मी."

"मगे तो वाटो माझ्या घरचो. हाड हय." त्याने डाव्या हाताने वाटा इकडे आण अशी खूण केली. "उद्या कोण वडतलो थंय? माझो हात तर तुझी गाडी खाऊन गेली."

कोल्हापूरची परीक्षा एप्रिलात होती. ते दोघांनाही ठाऊक होतं. यशोदा मागे उभी होती. ती या वेळी 'येऊ नकोस, शीक' म्हणाली नाही.

"मी वडतलंय काका."

काशीराम उठला आणि डाव्या हाताने त्याच्या गालावर एक ठेवून दिली. रक्त गेलेल्या माणसाची ती. तिने माशीही उडाली नसती. ते त्यालाही कळलं.

"ही डाव्याची," तो म्हणाला. "उजव्याची रवली. हात बरो झालो की देतलंय, सांगान ठेवतंय."

मग त्याला बैलगाडीत घातलं. देवगडच्या डॉक्टरपर्यंत पोचायला साडेतीन तास लागले. मोटारीला अर्धा तास लागला असता, असं वाटेत कोणीतरी बोललं, आणि गाडीवानाने त्याला खाली उतरवलं.

शिमग्यापर्यंत गुणाजी काकाच्या जागेवर ओढत राहिला. शिमगा गेला, परीक्षा गेली, पुढचं वर्षही गेलं. यशोदा काशीरामच्या टोपलीतला अर्धा भाग घरी आणत असे. बापाच्या नावाचा वाटा मात्र पुन्हा वाळूवर पडला नाही. गाडी समुद्रात टाकायचं ठरलं होतं, पण तेवढी उचलायला कोणी तयार झालं नाही. दोन पावसाळ्यांत खाऱ्या वाऱ्याने तिचं जे करायचं ते केलं. गुणाजीने तिला पुन्हा पाना लावला नाही. विचारलं तर म्हणायचा, "वाळू गेली हा आत." त्याला विनोद अजूनही कळत नव्हता.

काशीरामचा हात भरला, पण तीन बोटांचा. त्याने विडी धरता येई, मूठ होत नसे, आणि चापट मारायला पंजा सपाट बसत नसे. १९६७ च्या शिमग्यात आम्ही दोघांना मांगराच्या पायरीवर पाहिलं. गुणाजी आता बाबलीहून दांडगा झाला होता. तो काकासमोर उकिडवा बसला आणि गाल पुढे केला.

"काका, ती उजव्याची रवली हा."

काशीरामने हात उचलला, पाहिला, आणि आपल्याच कानामागे खाजवलं.

"आज नको," तो म्हणाला. "आज हात दुखता."